सुपाला समोरून काठ का नसतो

मी डिझाइन केलेलं पहिलं पॅकेट तूरडाळीचं होतं. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट तालुक्यातल्या एका बचतगटाची एक किलोची पिशवी. तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात दोन वर्षं कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करून मी नुकतीच स्वतःची कामं घ्यायला लागले होते. रात्रभर पिंटरेस्ट ही चित्रांची वेबसाइट चाळली. गर्द हिरवा रंग, त्यावर वारलीतली नाचणारी माणसं, बारीक रेघेचा नाजूक फॉन्ट. गटातल्या बायांना फार आवडलं, मलाही.

आठवडी बाजारात मी स्वतः त्यांच्यासोबत बसले. दिवेलागणीला एक आजी आल्या. त्यांनी पिशवी उचलली, उलटी केली, कोपऱ्याशी ताणून पाहिली. "आत काय हाये ते दिसूनच नाई रायलं, माय. डाय पाहू तं दे!" दाखवायला माझ्याकडे उघडी डाळ नव्हती. आजी शेजारच्या दुकानात गेल्या, पोत्यातली मूठभर डाळ तळहातावर घेतली, अंगठ्याने पसरली, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला आणि अर्धा किलो घेऊन निघाल्या.

ती पसरलेली डाळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. माझी आई अशीच डाळ घेते, तिची आईही अशीच घ्यायची. जन्मापासून पाहिलेली गोष्ट, आणि पॅकेट करायला बसले तेव्हा ती एकदाही मनात आली नाही. डिझाइन म्हणजे बाहेरून शोधून आणायची वस्तू, असंच मी धरून चालले होते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या, विशेषतः आमच्यासारख्या गावखेड्यातून येणाऱ्या मुलामुलींना मला हेच सांगायचं आहे. गावात प्रेरणा भरपूर आहे. पण ती नक्षीत कमी आणि वस्तू तशी का झाली, याच्या कारणात जास्त असते. नक्षी उचलली की काम दुसऱ्याच्या कामासारखं दिसतं. वारलीचंच घ्या. ती पालघर-डहाणूकडची कला, तिथल्या लोकांची, तिथल्या लग्नांची. वर्ध्याच्या तुरीशी तिचा काय संबंध? 'गावाकडचा लूक' मागितला की आपण सगळे तिथेच जातो, आणि हा आळस आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या बाजारानंतर मी बिनरेघी दोनशे पानी वही घेतली आणि ठरवलं, रोज एक वस्तू काढायची आणि खाली एकच शब्द लिहायचा: 'काहून?', म्हणजे का? मोबाइलने फोटो काढू नये असं नाही, मीही काढते. पण फोटो गॅलरीत पडून राहतो. चित्र काढताना मोजावं लागतं, आणि मोजताना प्रश्न पडतात.

सूप काढताना मला हे कळलं. गावातल्या एका बुरूड मावशींच्या अंगणात मी तासभर बसले होते. त्या ओल्या बांबूच्या पट्ट्या काढत होत्या आणि मी तयार सूप समोर ठेवून काढत होते. मागची बाजू उंच आली, दोन्ही कडांचा जाड बांधलेला काठ पुढे येता येता उतरत गेला, आणि समोर काहीच नाही. मला वाटलं माझंच चुकतंय, म्हणून मी तिथेही थोडा काठ काढला. मावशींनी वही पाहिली आणि हसल्या. "समोर काठ केला तं कचरा जाईन कुठून?" उठून त्यांनी मूठभर गहू सुपात टाकला आणि पाखडून दाखवला. प्रत्येक झटक्याला जड दाणा मागे सरकत होता आणि फोलपट समोरून उडत होतं. त्या आकारात उगाच असं काहीच नव्हतं. विणीतल्या फटी बुजाव्यात म्हणून सूप शेणाने सारवतात, तेसुद्धा कामासाठीच.

महिन्याभराने एका कृषी केंद्राच्या पत्रकाचं काम आलं. एका पानावर अकरा मुद्दे, चार फोटो, मालकांचा हसरा चेहरा आणि तीन फोन नंबर. मी वही उघडली आणि ते पत्रक सुपात घालून पाखडलं. जड काय? पीक, औषधाचं प्रमाण, फवारणीची वेळ. हे ठळक, मोठं, वर. बाकी बरंच समोरून उडून गेलं. मालक आधी नाराज झाले, पण शेतकऱ्याला पत्रक वाचून दाखवताना त्यांचं त्यांनाच सोपं गेलं. पत्रकावर सुपाचं चित्र कुठेच नव्हतं.

रंगांचंही असंच. होळीच्या सुमारास रस्त्याकडेचा पळस पेटतो तेव्हा सगळ्यांना केशरीच दिसतो. जवळ जाऊन एक फूल हातात घ्या. पाकळ्यांखाली काळपट तपकिरी, मखमली वाटी असते, आणि तिच्यामुळेच केशरी इतका उठतो. तुरीच्या पिवळ्या फुलाला मागून तांबड्या रेघा असतात. कापसाचा पांढराही वाळलेल्या बोंडाच्या करड्या टरफलाशेजारी पाहावा, कोऱ्या कागदावर तो तसा दिसत नाही. मी शेतातून परतल्यावर लगेच पेन्सिल रंगांनी ठिपके देऊन ठेवते, कारण संध्याकाळपर्यंत डोळा फसवायला लागतो.

मर्यादेतून काय निघतं हे पाहायचं असेल तर एक दिवस वर्ध्याला या. मगन संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत. 1929 साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी अशा, की किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये, झोपडीतल्या बाईला फारसं न थकता आठ तास चालवता यावा, वीस वर्षं टिकावा. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. तरी कोण वापरणार, कुठे वापरणार, किती खर्चात, किती वर्षं, हे इतक्या नेमकेपणाने मांडलेलं पाहून मी माझ्या ग्राहकांना विचारायचे प्रश्न नव्याने लिहून काढले. तिथून सेवाग्राम जवळच आहे. तिथल्या बापू कुटीच्या, म्हणजे गांधीजींच्या झोपडीच्या, भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननी मातीच्याच उठावात ताडाची झाडं आणि चरखा काढला आहे. भिंत मातीची आणि चित्रही त्याच मातीचं. सकाळच्या तिरप्या उन्हात ते चित्र सावलीमुळे उमटतं, तेव्हा मला वेगळ्या रंगाची गरजच वाटली नाही.

भंडाऱ्याकडे गेलात तर करवत काठी साडीचा मागही बघा. काठ आणि अंग वेगळ्या रंगांचं राहावं म्हणून विणकर तीन धोटे (आडवा धागा नेणारी लाकडी साधनं) चालवतात, दोन काठांना दोन आणि मधल्या अंगाला एक. मी तिथे अर्धा दिवसच होते, त्यामुळे त्यावर जास्त बोलण्याचा मला अधिकार नाही.

बारावीनंतर डिझाइनकडे वळणाऱ्यांसाठी एवढंच. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते त्या यूसीड प्रवेश परीक्षेत चित्र काढण्याचाही भाग असतो. शहरातल्या महागड्या क्लासची फी परवडत नाही म्हणून मागे सरकू नका. घरातला अडकित्ता, विहिरीवरचा रहाट, बंडीचं जू, मागून-पुढून-वरून काढत राहा. रोज एक काढली तर वर्षाला तीनशे पासष्ट होतात, आणि त्यातल्या पन्नास चांगल्या निघाल्या तरी पुढे कुठेही मुलाखत झाली तर बोलायला तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

डाळीचं पॅकेट आम्ही पुन्हा केलं. तळहाताएवढी पारदर्शक खिडकी ठेवली, तीही खालच्या बाजूला, कारण डाळ खाली बसते. तुरीच्या फुलाचा पिवळा घेतला आणि नावाखाली एकच तांबडी रेघ. बाजारातला बल्ब मिणमिणता असतो, म्हणून अक्षरांना 'मुक्त' नावाच्या फॉन्टचं ठळक वजन दिलं. तो फुकट मिळतो आणि जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. शिवाय पथारीवर एका ताटलीत उघडी डाळ ठेवायला सांगितलं. त्यासाठी काही डिझाइन लागलं नाही.

त्या आजी पुन्हा आल्या. खिडकीवरून अंगठा फिरवला, ताटलीतला दाणा चावून पाहिला आणि पिशवी घेतली. पैसे देता देता म्हणाल्या, "अर्धी डाय काढली का मंग हे बांधू कायनं?"

गेला आठवडाभर वहीत गाठीच काढते आहे. पोत्याच्या तोंडाची, शिदोरीच्या फडक्याची, दाव्याची. पोत्याची गाठ एका हाताने सुटते. काहून, ते अजून उलगडायचं आहे.