बत्तीस पानांचं माहितीचं पुस्तक: मजकूर आणि चित्रं दोन्ही तुमचीच असतील तर

मुलांचं चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद दुमडून 8 किंवा 16 पानांचे फर्मे (दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) होतात. शीर्षक, श्रेयनामावली वगैरे वजा जाता 28 च्या आसपास पानं हाती उरतात. आठ कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, स्टेपल मारा, झाली डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. मजकूर त्यात पेन्सिलीने लिहा आणि मोठ्याने वाचा. जीभ अडखळली की ते वाक्य तोडा.

रंगाला हात लावण्याआधी कच्ची रेखाटनं विषयातल्या जाणकाराला दाखवाच. मुंगीचे सहाही पाय छातीच्या भागातून निघतात. घाईत त्यातले दोन पोटाला चिकटतात, आणि रंगवल्यावर लक्षात आलं तर अख्खं पान नव्याने. मजकूर कितीही बिनचूक असो, मूल आधी चित्र बघतं. प्रत्येक विधानाचा आधार पानक्रमांकासह तिथल्या तिथे वहीत टिपा. संपादक विचारतोच, तेही तुम्ही पुढच्या पुस्तकात बुडालेले असताना.

चित्र चारही बाजूंनी 3 मिमी जास्त काढा, तेवढं कापणीत जातं. चेहरा, डोळे मधल्या शिवणीवर नकोत. स्कॅन छापील आकाराला 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके). जलरंगातल्या फिक्या छटा स्कॅनमध्ये उडतात. मूळ चित्र शेजारी ठेवून त्या दुरुस्त करा. अक्षरं चित्रात रंगवू नका: काळा मजकूर वेगळ्या थरात असला की दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीसाठी तेवढी काळ्या रंगाची एकच छपाईची प्लेट बदलावी लागते.

लेखक म्हणून शाळांना द्यायच्या भेटी रंगकामाच्या आठवड्यात घेऊ नका. काम मध्येच थांबलं की अर्धवट वाळलेल्या रंगाची कड दुसऱ्या दिवशी जुळत नाही.