हेडफोन लावला तरी आवाज येईना

जुन्या कॅबिनेटमध्ये नवा मदरबोर्ड बसवला. पीसी सुरू झाला, पण पुढच्या जॅकला हेडफोन लावला तर विंडोजला पत्ताच नाही. ड्रायव्हर दोनदा टाकून पाहिला. अख्खा रविवार गेला.

शेवटी बाजूचं झाकण काढून टॉर्च मारला. ऑडिओच्या एकाच वायरला दोन कनेक्टर होते, एकावर 'एचडी ऑडिओ' (आताची पद्धत), दुसऱ्यावर 'एसी ९७' (त्याआधीची जुनी पद्धत). मी घाईत दुसरा खोचला होता! तोही बसतो, कारण आठव्या पिनेची जागा दोन्हींत बंद असते. पण जॅकमध्ये काही घातलंय, हे एसी ९७ च्या वायरिंगमधून आताच्या बोर्डाला कळत नाही. कनेक्टर बदलला, आवाज सुरू.

शेजारचा यूएसबी २.० चा हेडरही (हेडर म्हणजे कनेक्टर बसवायचा बोर्डावरचा पिनांचा गट) तसाच दिसतो, फक्त तिथे नववी पिन नसते. बसत नसेल तर जोर लावू नका, आधी पिना मोजा. जोर लावायची खोड मला यूएसबी ३.० च्या १९ पिनांच्या हेडरवर नडली. एक पिन वाकली. वीज बंद करून, पेन-पेन्सिलमधलं शिसं काढलं, पोकळ टोक पिनेवर सरकवलं आणि हळूच सरळ केली. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू.

पॉवर एलईडीही लागत नव्हता. प्लस-मायनस उलटं. पॉवर बटणाची वायर मात्र कशीही लावली तरी चालते.