नेग्रोनी घरी करताय? संत्र्याचा रस नको, साल घ्या

मी नागपूरचा, त्यामुळे ड्रिंकमध्ये संत्रं म्हटलं की हात आपोआप रस पिळायलाच जातो, पहिल्यांदा नेग्रोनी (जिनचं कडू-गोड कॉकटेल) केली तेव्हा तेच केलं आणि वर कडू लागली म्हणून चमचाभर साखर पण ढकलली. जे तयार झालं ते खोकल्याचं औषध होतं, मित्राने गुपचूप सिंकमध्ये ओतलं.

नंतर कळलं की गोडवा ह्यात आधीच भरपूर असतो. कॅम्पारी ही लाल इटालियन लिकर कडू खरी पण तिच्यात साखरही चिक्कार, आणि स्वीट व्हर्मूथ (मसाल्यांची वाईन) तर नावातच गोड. वरून साखर घातली की कडूपणा थोडा दबतो, पण ड्रिंक चिकट होतं.

माप सोपं आहे, जिन, कॅम्पारी, स्वीट व्हर्मूथ तिन्ही ३० मिली. गोष्ट अशी सांगतात की १९१९ च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये काउंट कामिल्लो नेग्रोनीने त्याच्या अमेरिकानोमध्ये (कॅम्पारी, स्वीट व्हर्मूथ आणि सोड्याचं कॉकटेल, कॉफी नव्हे) सोड्याच्या जागी जिन घालायला सांगितली आणि बारवाल्याने लिंबाऐवजी संत्र्याची फोड लावली. मला स्वतःला ४०-२५-२५ जास्त आवडतं, जिन जरा पुढे येते, पण पहिली समसमानच करा म्हणजे कुठे काय कमीजास्त करायचं ते जिभेला कळेल.

जिन साधी ड्राय घ्या, गोव्याची ग्रेटर दॅन मस्त चालते. महागाची नाजूक फुलांच्या वासाची जिन इथे वाया जाते, कॅम्पारी तिला खाऊन टाकते.

व्हर्मूथचं मात्र नीट ऐका. ती वाईन आहे, उघडली की हळूहळू उतरायला लागते. दिवाळीत उघडून शोकेसमध्ये ठेवलेली बॉटल होळीला काढलीत तर नेग्रोनी आंबूस, मेलेलीच लागणार. उघडल्यावर फ्रिजमध्ये, आणि महिना-दीड महिन्यात संपवायची.

आता बर्फ. फ्रिजच्या ट्रेमधले छोटे खडे पटकन वितळतात, मी वाटीत पाणी घालून रात्रभर फ्रीझरला ठेवतो, त्याचा एक मोठा गोळा मिळतो तो पिण्याच्या ग्लाससाठी. ढवळायला वेगळा मोठा ग्लास, त्यात बर्फ काठोकाठ भरून तिन्ही ओता आणि लांब चमच्याने २०-३० सेकंद ढवळा. शेक करू नका, हवा भरून गढूळ होतं. ह्या ढवळण्यात बर्फाचं जे थोडं पाणी सुटतं ना, खरा बॅलन्स तेच आणतं, नाही ढवळलं तर जिन घशाला जाळते आणि गोड भाग सिरपसारखा जिभेवर बसतो. विसाव्या सेकंदाला थेंबभर चाखून बघा. मग गाळून मोठ्या बर्फावर ओता.

राहिली साल. जाड सालीचं माल्टा ऑरेंज मिळालं तर सोलाण्याने लांब पट्टी काढा. आपल्या नागपुरीची साल सैल असते, सोलाणं तिच्यावर नीट चालत नाही, म्हणून हातानेच अंगठ्याएवढा तुकडा काढायचा आणि आतला पांढरा भाग चमच्याने खरवडायचा. आधी कोमट पाण्याने फळ घासून धुवा. मग केशरी बाजू ग्लासकडे करून तुकडा दुमडून दाबा, तेलाचा बारीक फवारा उडतो आणि खोलीभर वास सुटतो, संत्रं म्हणतात ते हे, रस नाही. तोच तुकडा ग्लासच्या कडेला फिरवून आत टाका.

तरी कडू वाटली तर मिठाचे अक्षरशः दोन-तीन कण टाका, कडूपणा लगेच खाली बसतो, माझ्या बायकोचा पण विश्वास बसला नव्हता. गोड वाटली तर अजून थोडं ढवळा किंवा जिन ५ मिली वाढवा.

आणि हो, गोड-गोड लागते म्हणून फसू नका, एका ग्लासात व्हिस्कीच्या दोन स्मॉल पेगांइतकं अल्कोहोल जातं. म्हणून दुसऱ्या राउंडला मी जिन काढून सोडा घालतो, म्हणजे काउंटसाहेबांनी बिघडवायच्या आधीचं अमेरिकानो.