बर्लिनमध्ये अर्धा दिवस असा काढा: "ज्यू लढले का नाहीत?" हा प्रश्न पडत असेल तर

नाझी ज्यूंना मारत होते तेव्हा ते लढले का नाहीत, हा प्रश्न आपल्याकडे कोणी ना कोणी विचारतंच, मीही विचारायचो. बर्लिनला जाणार असाल तर चार ठिकाणं बघा, याच क्रमाने, कारण विरोधाची किंमत काय होती ते आधी कळलं की पुढचं सगळं वेगळं दिसतं.

सुरुवात लुस्टगार्टनपासून. कॅथेड्रलसमोरच्या हिरवळीवर सगळे फोटो काढत असतात, तिथेच एक दगडी ठोकळा आहे तो शोधा. १८ मे १९४२ ला हर्बर्ट बाउमच्या ग्रुपने, बहुतेक तरुण ज्यू पोरंपोरी, इथे भरलेल्या नाझी प्रचाराच्या प्रदर्शनाला आग लावली. नुकसान थोडंच झालं, प्रदर्शन चालूच राहिलं. पण ग्रुपमधले वीसहून जास्त जण जिवानिशी गेले आणि वर सूड म्हणून, आगीशी काहीही संबंध नसलेल्या २५० ज्यूंना गोळ्या घातल्या, आणखी २५० जणांना छावणीत टाकलं. तुम्ही हात उचलायचा आणि मरणार शेजारचा म्हातारा. इथे दहा मिनिटं नुसतं बसा.

मग चालत रोझनश्ट्रासे, जवळच आहे. २७ फेब्रुवारी १९४३ ला बर्लिनमधले उरलेसुरले ज्यू कामाच्या जागेवरूनच उचलले, त्यातल्या ज्यांचा जोडीदार ज्यू नव्हता अशा जवळपास २००० जणांना, बहुतेक पुरुषच, इथल्या इमारतीत डांबलं. बायका रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या, आठवडाभर, "आमचे नवरे परत द्या" म्हणत, आणि बहुतेक सगळे सुटले. इमारत आता नाही, लालसर दगडातलं स्मारक आहे. बायकांमुळेच सुटले की सरकारचा त्यांना तेव्हा पाठवायचा बेतच नव्हता यावर इतिहासकार अजून भांडतात, मला वाटतं दोन्हीत तथ्य आहे. पण एक लक्षात ठेवा, या बायका नाझींच्या हिशोबात 'आर्य' होत्या म्हणून त्यांच्यावर गोळी चालली नाही, आणि त्याच दिवसांत बाकीच्या हजारो ज्यूंना आउशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं.

तिसरं, रोझेनथालर श्ट्रासे ३९, बोळातून आत जाऊन जिना चढायचा, प्रवेश फुकट. ऑटो वाइट, स्वतः जवळपास आंधळा, याचा झाडू-ब्रशचा कारखाना. अंध आणि बहिऱ्या ज्यूंना कामावर ठेवायचा, गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, लाच द्यायचा, माल सैन्याला जायचा म्हणून काही काळ निभावलं. कपाटामागे बिनखिडकीची खोली आहे, चौघांचं कुटुंब तिथे लपलेलं, त्या खोलीत नक्की उभे राहा. १९४३ मध्ये कोणीतरी फितूर झालं आणि तेही पकडले गेले. एवढा खटाटोप करून वाइटला मोजकीच माणसं वाचवता आली.

शेवटी हाकेशर मार्क्टवरून एस-७ लोकल पकडून ग्रुनेवाल्ड स्टेशन, एबी झोनचं तिकीट चालतं. प्लॅटफॉर्म १७ ची पाटी बघत जा, ज्यूंना घेऊन जाणाऱ्या गाड्या इथून सुटायच्या. रुळांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आहेत, प्रत्येकीवर तारीख, किती ज्यू, कुठे पाठवले. घाई करू नका, वाचत चला. हजार, हजार, मग शंभर, मग पन्नास. शेवटची २७ मार्च १९४५ ची आहे, १८ ज्यू, थेरेसिएनश्टाटच्या छावणीत. तेव्हा रशियन फौजा ओडर नदीपाशी, बर्लिनपासून साठ-सत्तर किलोमीटरवर येऊन बसल्या होत्या.