शहापूर तालुक्याची ओळख कशी करून घ्यावी: पाणी, जमीन आणि कारभार

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली येथे राहणाऱ्या माणसाच्या मनात ठाणे जिल्हा म्हणजे रेल्वेस्थानके, उड्डाणपूल आणि गृहसंकुले असे चित्र तयार झालेले असते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात सात तालुके राहिले आणि त्यांपैकी क्षेत्रफळाने सर्वांत मोठा असलेला शहापूर तालुका आजही प्रामुख्याने ग्रामीण आणि आदिवासी आहे. अशा तालुक्याचा भूगोल, इतिहास आणि कारभार नीट समजून घेऊन त्याचा लेखी परिचय तयार करू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि जिज्ञासू नागरिकांसाठी हे मार्गदर्शन आहे. मुरबाड, वाडा किंवा कर्जत तालुक्यासाठीही हीच पद्धत वापरता येईल. मात्र एका वेळी एकच तालुका हाती घ्यावा, कारण संपूर्ण जिल्ह्याचा आवाका धरला की लिखाण आकडेवारीच्या पलीकडे जात नाही.

सुरुवात पाण्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक तालुका-परिचय अक्षांश, रेखांश, सीमा आणि लोकसंख्या यांपासून सुरू होतात. वाचणारा ते वाचतो आणि विसरतो. शहापूरच्या बाबतीत मात्र पाण्याचा माग काढत गेले की डोंगर, जंगल, शेती, स्थलांतर, धरणे आणि सत्ता या सगळ्या गोष्टी आपोआप समोर येतात.

नकाशा आणि पाणलोट

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे घ्यावेत. शहापूरचा परिसर ४७ ई या विभागातील पत्रकांत येतो आणि ही पत्रके विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. प्रथम केवळ निळ्या रेषा, म्हणजे नद्या आणि ओहोळ, निळ्या पेन्सिलीने गिरवाव्यात. हे काम हाताने करावे, कारण रेषा गिरवताना पाणी कोणत्या डोंगरावरून निघते आणि कोठे वळते हे जितके लक्षात राहते तितके पडद्यावर पाहून राहत नाही. रेषा पूर्ण झाल्या की तालुक्याचे दोन भाग दिसू लागतात. भातसा, तिला मिळणारे प्रवाह आणि मुरबाडच्या बाजूची काळू यांचे पाणी अखेर उल्हास नदीत येते. तानसेचे पाणी मात्र वैतरणेला मिळून पालघर जिल्ह्यातून समुद्राकडे जाते. या दोन खोऱ्यांमधील जलविभाजक रेषा नकाशावर लाल रंगाने काढावी. पुढे गावांची यादी करताना प्रत्येक गाव या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे याची नोंद उपयोगी पडते.

पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग आणि तिच्यातून नाशिककडे चढणारा कसारा घाट आहे. आसनगावजवळचा माहुलीचा डोंगर मुख्य रांगेपासून सुटा उभा आहे, तर डेहणे गावाच्या वर आजा पर्वत आहे. हे सारे डोंगर दख्खनच्या बेसाल्टचे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झालेले आहेत. या भूस्तराचा उल्लेख केवळ माहिती म्हणून करू नये, कारण तालुक्यातील पाणीटंचाईचे एक मूळ तेथे आहे. पाऊस दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, पण कठीण कातळ आणि तीव्र उतार यांमुळे तो जमिनीत फारसा मुरत नाही आणि चार महिन्यांत वाहून जातो. म्हणूनच भरपूर पावसाच्या या प्रदेशात अनेक पाड्यांवरील विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते.

टंचाईचे दुसरे मूळ माणसाने केलेल्या वाटपात आहे आणि त्यासाठी धरणांची नोंद स्वतंत्रपणे करावी. तानसा धरण १८९२ साली मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी पूर्ण झाले. वैतरणेवरील मोडक सागर १९५०च्या दशकात झाला आणि त्याला अभियंते मोडक यांचे नाव देण्यात आले. ही दोन्ही धरणे मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची आहेत, तर भातसा धरण राज्याच्या जलसंपदा विभागाचे असून मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी तेथून जाते. प्रत्येक धरणासमोर मालक कोण, पाणी कोणाला जाते, कोणत्या मार्गाने जाते आणि बुडितात कोणती गावे गेली हे चार रकाने अवश्य भरावेत. भातसेचे पाणी नदीच्या पात्रातून खाली येते आणि भिवंडी तालुक्यातील पिसे येथे उचलले जाते. ठाणे महानगरपालिकेची स्वतःची योजनाही तेथूनच पाणी घेऊन टेमघर येथे शुद्ध करते. त्यामुळे ठाण्यात राहणाऱ्याने आपल्या घरातील नळापासून उलट दिशेने, टेमघर, पिसे, नदीचे पात्र आणि धरण असा प्रवास प्रत्यक्ष करावा. (नवी मुंबईच्या रहिवाशांना हाच प्रवास रायगड जिल्ह्यातील मोरबे धरणाकडे नेईल, आणि तोही तितकाच बोधप्रद आहे.) त्यानंतर मे महिन्यात धरणाच्या आसपासच्या एखाद्या पाड्यावर जाऊन पाण्यासाठी किती अंतर चालावे लागते हे पाहावे. माझ्या मते या दोन भेटी झाल्याशिवाय शहापूरविषयी एक ओळही लिहू नये.

जुने कागद कोठे पाहावेत

इतिहासासाठी ठाण्यातील मराठी ग्रंथसंग्रहालयापासून आरंभ करणे सोयीचे आहे. १८९३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत जिल्ह्याविषयीचे साहित्य एका छताखाली पाहता येते. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८२ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे खंड आणि राज्य शासनाचा नंतरचा जिल्हा गॅझेटियर हे दोन्ही समोर ठेवून वाचावेत. जुन्या गॅझेटियरमधील पिके, बाजार, घाटवाटा आणि शेतसारा यांविषयीची माहिती मोलाची आहे. मात्र त्यातील आदिवासी जमातींविषयीची वर्णने ही वसाहतीच्या अधिकाऱ्यांची मते आहेत, हे ध्यानात ठेवून ती जशीच्या तशी उचलू नयेत. जुन्या कागदांत या भागासाठी कोळवण हे नाव येते आणि ब्रिटिश काळात मोखाडाही शहापूरशी जोडलेला होता, त्यामुळे जुन्या आकड्यांची आजच्या आकड्यांशी तुलना करण्यापूर्वी तेव्हाची हद्द कोणती होती हे तपासावे. हद्द न पाहता केलेली तुलना हा स्थानिक इतिहासातील सर्वांत सामान्य दोष आहे.

माहुली किल्ल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांनी शहाजीराजांना येथे वेढले, निजामशाहीचा बालवारस मोगलांच्या हाती गेला आणि ते राज्य संपले. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत माहुलीही होता आणि १६७० साली तो स्वराज्यात परत आला. परंतु किल्ल्यावर थांबू नये. लोहमार्ग १८५५ साली वासिंदपर्यंत, १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ साली घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचला. तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले शहापूर लोहमार्गावर नाही. त्याचे स्थानक आसनगाव आहे, आणि या एका गोष्टीचा बाजारपेठ व वस्ती यांच्या वाढीवर काय परिणाम झाला याचा शोध घेण्यासारखा आहे. ब्रिटिश सत्तेविरुद्ध सह्याद्रीत महादेव कोळ्यांचा उठाव उभारणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांच्या आठवणी घाटाच्या दोन्ही अंगांच्या गावांतील वृद्धांकडून ऐकाव्यात आणि कोणी, कोणत्या गावी सांगितले याची नोंद ठेवावी. शेवटचे पान अगदी अलीकडचे आहे: ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो तालुक्यातून जातो आणि त्याच्या भूसंपादनाचे कागद हे उद्याच्या अभ्यासकाचे साधन आहे.

जमीन

भूगोल आणि कारभार यांना जोडणारा दुवा जमीन हा आहे. अभ्यासासाठी दोन-तीन गावे निवडावीत: एक महामार्गालगतचे, एक धरणाजवळचे आणि एक जंगलाला लागून असलेले. या गावांचे काही सातबारा उतारे राज्य शासनाच्या महाभूलेख या संकेतस्थळावर पाहावेत. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. खातेदाराच्या नावापेक्षा भोगवटादाराचा (जमीन धारण करणाऱ्याचा) वर्ग, इतर हक्कांचा रकाना आणि फेरफार क्रमांक यांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या कायद्याने गेली हे फेरफारातून कळते. १९४८चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन (ज्या दिवशी कुळे जमिनीची मालक मानली गेली), आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारे जमीन महसूल संहितेतील कलम ३६-अ, १९७५चा खासगी वने संपादन कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा या चार टप्प्यांच्या खुणा बहुतेक गावांच्या दप्तरात सापडतात. खासगी व्यक्तींची नावे आणि गट क्रमांक मात्र आपल्या लिखाणात छापू नयेत. गावाचा एकत्रित कल सांगणे पुरेसे असते.

उताऱ्यावर न दिसणारी गोष्ट शेतावर जाऊन पाहावी. भाताची खाचरे, उतारावरची नाचणी-वरईची वरकस जमीन, मार्च-एप्रिलमध्ये भाजले जाणारे राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून तयार केलेली जागा) आणि भातानंतर ओलीवर घेतलेला वाल हे सारे वर्षाच्या वेगवेगळ्या काळात दिसते, म्हणून पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा अशा निदान दोन फेऱ्या कराव्यात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. त्या काळात पाड्यावर गेल्यास बंद घरे दिसतात आणि लोकसंख्येच्या आकड्याला हंगाम असतो हे समजते.

कारभाराच्या दोन शिड्या

तालुक्याचा कारभार समजून घेताना महसुली आणि विकासाची अशा दोन शिड्या स्वतंत्र काढाव्यात. जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि तलाठी (ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे) ही पहिली शिडी आहे. मुख्य कार्यकारी अधिकारी, गटविकास अधिकारी, विस्तार अधिकारी आणि गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, ही दुसरी शिडी असून तिच्या प्रत्येक पायरीला जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत अशी लोकनिर्वाचित संस्था जोडलेली आहे. ही रचना १९५८चा ग्रामपंचायत कायदा आणि १९६१चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा यांवर उभी आहे. शहापूर शहरापुरती नगरपंचायत वेगळी आहे. त्या त्या वेळी संस्थेवर निवडून आलेले सदस्य आहेत की प्रशासक, हे तारखेसह नोंदवावे.

शहापूरचे वेगळेपण पुढे आहे. १९८५च्या आदेशानुसार संपूर्ण तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात येतो आणि त्यामुळे १९९६चा पेसा कायदा (पंचायत व्यवस्थेचा अनुसूचित क्षेत्रांत विस्तार करणारा कायदा) आणि राज्याचे २०१४चे नियम येथे लागू आहेत. पेसामुळे ग्रामसभेला गौण वनोपज, गौण खनिज, भूसंपादनापूर्वीचा विचारविनिमय आणि पाच टक्के अबंध (म्हणजे ठरावीक योजनेशी न बांधलेल्या) निधीचा विनियोग अशा विषयांत अधिकार मिळतात आणि एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवता येते. ठाण्यात राहणाऱ्याला प्रभागातील नगरसेवक परिचित असतो, पण मतदारयादीतील प्रत्येक प्रौढ व्यक्ती जिची सभासद आहे अशा सभेचा त्याला सहसा अनुभव नसतो. म्हणून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला सरपंचांची आगाऊ परवानगी घेऊन उपस्थित राहावे, मागे बसावे आणि न बोलता नोंदी घ्याव्यात. स्त्रिया किती बोलल्या, पाण्याचा विषय किती वेळ चालला आणि ठराव कोणत्या शब्दांत लिहिला गेला हे टिपावे. कायदा कागदावर काय देतो आणि सभेत प्रत्यक्ष काय घडते यांतील अंतर हाच माझ्या दृष्टीने तालुक्याच्या कारभाराचा खरा अभ्यास आहे.

शहापूर येथेच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असून आश्रमशाळा आणि वैयक्तिक लाभाच्या योजना तेथून चालतात. वनखात्याचे अधिकार वेगळे असून तानसा अभयारण्याच्या हद्दीतील गावांत ते दैनंदिन जीवनाला भिडतात. विधानसभेसाठी शहापूर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे आणि लोकसभेसाठी तो भिवंडीत मोडतो.

ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पाहावा. तेथे न मिळणारी माहिती प्रथम कार्यालयात नम्रपणे मागावी आणि नकार मिळाल्यास दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा, ज्याचे उत्तर साधारणपणे तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. अर्जात ‘तालुक्यातील पाणीटंचाईची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. ‘अमुक वर्षी अमुक ग्रामपंचायतीत टँकरच्या किती खेपा झाल्या, त्याची नोंदवही पाहण्यास मिळावी’ असे नेमके लिहिल्यास काम होते.

मसुदा तयार झाल्यावर तो ज्या गावांविषयी आहे तेथील शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी आणि दोन-तीन वृद्ध यांना वाचून दाखवावा, दुरुस्त्या समासात त्यांच्या शब्दांत उतरवून घ्याव्यात आणि ज्या विधानावर गावात मतभेद असेल तेथे दोन्ही बाजू नोंदवाव्यात. अंतिम प्रतीवर माहिती कोणत्या महिन्यापर्यंतची आहे ते लिहून तिची एक छापील प्रत गावातील शाळेला आणि एक ग्रामपंचायतीला द्यावी.