एसयूव्हीचा सेल्फ नुसता ‘टक्’ करतो? स्टार्टर सोलेनॉइड असा बदला

बटण दाबलं आणि इंजिन फिरलं नाही, तर आधी कान देऊन ऐका. एकच ठसठशीत ‘टक्’ आला आणि मग शांतता, की ‘टकटकटकटक’ अशी लड लागली, की काहीच आवाज नाही? तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. ते न ऐकता नवा सोलेनॉइड आणला तर पैसेही जातात आणि रविवारही. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या बेसमेंटमध्ये घरच्या सेकंडहँड एसयूव्हीने पहिल्यांदा असा एकच ‘टक्’ केला, तेव्हा मी थेट बॅटरी बदलून मोकळा झालो. जुनी बॅटरी ठणठणीत होती. दोष निघाला सोलेनॉइडच्या आतल्या जळलेल्या तांब्याच्या कॉन्टॅक्टमध्ये.

सोलेनॉइड म्हणजे स्टार्टर मोटरच्या, आपल्या भाषेत सेल्फच्या, पाठीवर बसवलेला छोटा सिलिंडर. त्याच्याकडे दोन कामं असतात. आतला लोखंडी प्लंजर ओढला गेला की एका काट्यामार्फत तो पिनियन, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक, पुढे ढकलतो आणि पिनियन इंजिनच्या मोठ्या दातेरी कड्याच्या, म्हणजे रिंग गिअरच्या, दात्यांत अडकतो. त्याच हालचालीत मागच्या बाजूला तांब्याची चकती दोन जाड कॉन्टॅक्टवर दाबली जाते आणि बॅटरीचा करंट मोटरला मिळतो. मोठ्या डिझेल इंजिनसाठी हा करंट काहीशे अँपिअर असतो. दर वेळी थोडी ठिणगी पडते, थोडं तांबं जळतं, आणि काही वर्षांनी चकती टेकूनही करंट पुढे जात नाही.

आत तारेची दोन वेटोळी असतात: एक प्लंजर ओढणारं, दुसरं त्याला धरून ठेवणारं. टकटकीची लड याच्यामुळेच लागते. बॅटरी अशक्त असेल तर मोटर करंट मागताच व्होल्टेज कोसळतं, प्लंजर सुटतो, भार गेल्यावर व्होल्टेज वर येतं आणि प्लंजर पुन्हा ओढला जातो. म्हणून लड ऐकू आली तर पहिला संशय बॅटरीवर, तिच्या टर्मिनलवर आणि अर्थिंगच्या पट्टीवर (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडणाऱ्या केबलवर) घ्यायचा.

आधी मीटर, मग पाना

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तो मिळेल, तिथूनच मगरचिमट्यांच्या दोन वायरीही घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मगच पुढचा विचार करा. बटण दाबलेलं असताना आकडा साधारण ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी भार पेलत नाही.

महागड्या एसयूव्हींमध्ये बॅटरी बोनेटखाली सापडेलच असं नाही. बीएमडब्ल्यू एक्स फाइव्हमध्ये ती डिकीच्या तळाशी असते, पहिल्या पिढीच्या ऑडी क्यू सेव्हनमध्ये पुढच्या सीटखाली. ती कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये पाहूनच सुरुवात करा.

आता सेल्फवरची तीन टर्मिनल ओळखायची. युरोपियन पद्धतीत ३० म्हणजे बॅटरीकडून थेट येणारी जाड केबल आणि ५० म्हणजे बटण दाबल्यावर हुकूम आणणारी बारीक वायर. तिसरं टर्मिनल मोटरकडे जातं, त्यावर तांब्याची जाड वेणी जोडलेली दिसते. मीटरचे चिमटे लावा आणि स्वतः गाडीखालून पूर्ण बाहेर या. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडी ठोकळे. मग दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून बटण दाबायला सांगा.

५० वर व्होल्टेज आलंच नाही, तर सोलेनॉइड निर्दोष आहे. रिले, ब्रेकचा स्विच, गिअरची पोझिशन ओळखणारा स्विच किंवा इमोबिलायझर (चुकीच्या किल्लीने गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) तपासा. ५० वर दहाच्या वर व्होल्ट आहेत पण आवाज नाही, तर सोलेनॉइडचं वेटोळं गेलं. ‘टक्’ होतो, ३० वर व्होल्टेज आहे पण मोटरच्या टर्मिनलवर काहीच नाही, तर कॉन्टॅक्ट जळले. आणि मोटरच्या टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज पोहोचूनही मोटर फिरत नसेल, तर मोटरच्या आतल्या कार्बनचं (ब्रशचं) किंवा आर्मेचरचं, म्हणजे फिरणाऱ्या भागाचं, काम आहे. अशा वेळी फक्त सोलेनॉइड बदलून गाडी सुरू होणार नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाहा. सेल्फ गाडीच्या पोटाशी असतो. पाणी साचलेल्या रस्त्यातून किंवा ताम्हिणीच्या चिखलातून आलेल्या गाडीत ५० च्या टर्मिनलवर हिरवट गंज चढतो. तो घासून, वायर घट्ट बसवून गाडी सुरू झाली तर पुढचं वाचायची गरज नाही.

जुने लोक मोठा स्क्रूड्रायव्हर ३० आणि ५० वर टेकवून सेल्फ मारतात. तसं करू नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती तुमच्या अंगावर येईल.

सुटा भाग घेताना

सेल्फवरच्या लेबलचा नंबर लिहून घ्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांना वेगळे सेल्फ असतात, त्यामुळे नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगून चुकीचा भाग हातात पडतो. जुना सोलेनॉइड काढून नाना पेठेत घेऊन गेलात तर सगळ्यात उत्तम. नव्याशेजारी ठेवून प्लंजरची लांबी, त्याच्या टोकाचा हुक, स्क्रूची भोकं आणि टर्मिनलची दिशा जुळते का ते बघा. टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराच्या खाचेचा) आणि लांब एक्स्टेन्शन नसेल तर बोहरी आळीत मिळेल.

हे काम प्रत्येक गाडीवर घरी करू नये. ४.७ लिटर व्ही एट पेट्रोल इंजिनच्या जुन्या लँड क्रूझरमध्ये सेल्फ इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, दोन सिलिंडर बँकांच्या मधल्या दरीत बसवलेला आहे. तिथे अर्धं इंजिन उघडावं लागतं. तुमच्या गाडीत तो खालून, गिअरबॉक्सच्या जोडापाशी दिसत आणि हाताला येत असेल तरच पुढे जा.

उचलणं आणि उतरवणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, कारण सायलेन्सरचा पाइप शेजारीच असतो. गाडी बंद करून, किल्ली लांब ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा, म्हणजे आतले कंट्रोल युनिट झोपतात. मग निगेटिव्ह केबल काढा. तिच्या टोकाला सेन्सर असेल तर पकडीने खेचू नका, तो नाजूक असतो. बॅटरी डिकीत असेल तर डिकी उघडीच ठेवा. वीज गेल्यावर इलेक्ट्रिक लॉक उघडणार नाही.

या गाड्यांचं वजन दोन टनांच्या वर जातं. सपाट फरशी हवी, बेसमेंटचा उतार अजिबात नको. एअर सस्पेन्शन असेल तर बॅटरी काढण्याआधीच ते जॅक मोडमध्ये टाका. गाडी मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच उचला आणि पुरेशा क्षमतेच्या जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जायचं नाही.

खालचं प्लास्टिकचं कव्हर काढा. वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. ५० ची वायर, मग ३० ची जाड केबल सोडवा. सेल्फचे दोन-तीन बोल्ट लांबीला वेगळे असू शकतात, कुठला कुठून निघाला याची खूण ठेवा. शेवटचा बोल्ट सुटताना एक हात सेल्फखाली हवा, तो चेहऱ्यावर पडण्याइतका जड असतो. सेल्फ निघाल्यावर त्या भोकातून टॉर्च मारून रिंग गिअरचे दाते बघून घ्या. झिजले असतील तर नवा सोलेनॉइडही फार दिवस चालणार नाही.

सोलेनॉइडची अदलाबदल

टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरा. तांब्याच्या वेणीचा नट काढा. मग सोलेनॉइडचे स्क्रू. हे हट्टी असतात. बिट अचूक मापाचा घ्या, आधी हातोडीने हलका ठोका द्या, मगच फिरवा, नाहीतर डोकं सोलवटतं. सोलेनॉइड किंचित उचलून तिरका केला की प्लंजरचा हुक काट्यातून सुटतो.

जपानी डेन्सोच्या गिअर रिडक्शन सेल्फमध्ये रचना वेगळी आहे. तिथे अख्खा सोलेनॉइड न बदलता मागचं झाकण उघडून प्लंजर आणि तांब्याचे कॉन्टॅक्ट बदलता येतात. मात्र आत एक छोटी पोलादी गोळी आणि स्प्रिंग असते. ती घरंगळून हरवली तर काम तिथेच अडतं.

नवा बसवताना हुकावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, जास्त नको. हुक काट्यात अडकल्याची खात्री करा, स्क्रू आवळा, वेणी लावा.

परत चढवण्याआधी टेबलावर चाचणी घ्या. सेल्फ शिकंज्यात (व्हाइसमध्ये) पक्का धरा, कारण फिरताना तो जोरात झटका देतो. जंपर केबलने निगेटिव्ह बॉडीला, पॉझिटिव्ह ३० ला, आणि एका वायरीने ५० ला क्षणभर पॉझिटिव्ह द्या. पिनियन उडी मारून बाहेर यायला हवा आणि मोटर मोकळी फिरायला हवी. दोन-तीन सेकंद पुरे.

चढवताना सेल्फ आणि इंजिनचे टेकणारे पृष्ठभाग पुसून कोरडे करा, सेल्फची अर्थिंग तिथूनच होते. बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या मापाला आवळा. ३० च्या केबलवर रबरी टोपी परत बसवा. निगेटिव्ह केबल सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा सुरू करताना दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. घड्याळ पुन्हा लावावं लागेल. खिडक्या एका स्पर्शात वर जात नसतील तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा. स्टेअरिंग किंवा ट्रॅक्शनचा दिवा लागलाच, तर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून थोडी गाडी चालवली की तो बहुतेक वेळा विझतो. नाहीच विझला तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर पुन्हा एकदा सुरू करून बघा आणि खाली वाकून बोल्ट, केबलची टोपी, कव्हरचे स्क्रू जागच्या जागी आहेत ना, हे नजरेखालून घाला.