सकाळच्या घाईतला पेसरट्टू

इडली-डोशाचं पीठ आंबायला अख्खी रात्र जाते, आणि डिसेंबरात पुण्यात तर रात्र जाऊनही ते जागचं हलत नाही. पेसरट्टूला ही भानगडच नाही. रात्री हिरवे मूग भिजत टाकायचे, सकाळी वाटायचे, लगेच तव्यावर. किनारी आंध्रात हा घरोघरचा नाश्ता. तेलुगूत पेसलु म्हणजे मूग आणि अट्टु म्हणजे डोसा, नावात यापलीकडे काही नाही. ‘म्हणजे आपलं मुगाचं धिरडंच की!’ असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही, एक गरम गरम समोर ठेवतो. धिरडं मऊ आणि जाडसर चालतं. पेसरट्टू कडेला कुरकुरला नाही तर मला तो पानात नको.

एक वाटी सालासकट अख्खे मूग आणि दोन चमचे तांदूळ धुऊन सहा ते सात तास भिजवा. पिवळी डाळ घेऊ नका, चव आणि चोथा दोन्ही सालात असतात. पोषणाचं म्हणाल तर शंभर ग्रॅम कोरड्या मुगात 22 ते 24 ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे दोन पेसरट्टू खाऊन निघालं की अकरा वाजता बिस्किटाचा पुडा आठवत नाही. उन्हाळ्यात भांडं रात्रभर ओट्यावर ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा. एकदा मी शनिवारी सकाळी भिजवलेले मूग रविवारी वाटले होते, तोवर त्यांना शेपट्या फुटलेल्या. डोसे झाले, पण सगळे लिबलिबीत.

सकाळी पाणी निथळून इंचभर आलं, तीन-चार हिरव्या मिरच्या, चमचाभर जिरं आणि मीठ घालून वाटा. पाणी अर्ध्या वाटीपासून सुरू करून बेताबेतानं वाढवा. बोटांत चोळल्यावर बारीक रव्यासारखं लागायला हवं आणि पळीतून सलग पडायला हवं. घावनाइतकं पातळ नको. ‘हलके होण्यासाठी इनो घाला’ हा सल्ला जागोजाग दिसतो. इनो घातलं की मुगाचा ढोकळा होतो. ढोकळाच हवा असेल तर सरळ तो करा.

आता तवा. सगळं इथंच फसतं. नोकरीपायी चार वर्षं विशाखापट्टणमला होतो, त्यातलं पहिलं वर्षभर मी रविवारी सकाळी बिडाच्या तव्यावरून मुगाचा खरवडा काढत बसायचो. पीठ घातलं की पळीलाच चिकटून गोळा व्हायचं. मी पिठाला दोष द्यायचो. आज पाणी जास्त, उद्या तांदूळ कमी, परवा चमचाभर रवा. शेवटी शेजारच्या आंटी एकदा स्वयंपाकघरात आल्या, पिठाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ गॅस बारीक केला.

मला वाटायचं, डोसा म्हणजे तवा कडकडीत तापलेला हवा. पण मुगाचं न आंबलेलं पीठ चिकट असतं. फार तापलेल्या तव्यावर त्याचा खालचा थर टेकताक्षणी शिजून धरतो, वरचं ओलं पीठ पळीसोबत निघून येतं आणि मधे भोकं पडतात. तवा थंड असेल तर उलट होतं. पीठ छान पसरतं, पण हळूहळू शिजताना तव्याला असं धरतं की उलथनं वाकेल. पसरताना तवा कोमट-गरम आणि भाजताना चांगला गरम, अशी दोन वेगळी तापमानं लागतात.

म्हणून तवा आधी मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं नीट तापू द्या. ‘पहिला बिघडतोच’ असं म्हणतात, तो बहुतेक या चार मिनिटांच्या घाईनंच बिघडतो. मग पाण्याचे थेंब शिंपडा. थेंब मोत्यासारखे पळत सुटले तर तवा जास्त तापलाय, नुसते बसून राहिले तर अजून कच्चा आहे. चर्र करून तिथल्या तिथे उडाले की गॅस बारीक करा, कांद्याची अर्धी फोड तेलात बुडवून तव्यावर घासा आणि लगेच मधोमध पळीभर पीठ घाला. पळीचा तळ हलक्या हातानं मधून बाहेर फिरवा. चार-पाच फेरे, बस. भोक पडलं तर पडू दे. ते बुजवायला पळी परत मागे नेलीत की सगळं उचकटून येतं. हे मी शंभरदा करून बघितलंय.

पसरून झालं की आच मोठी. वरून बारीक चिरलेला कांदा भुरभुरवून उलथन्यानं हलकेच दाबा, कडेनं अर्धा चमचा तेल सोडा आणि हात मागे घ्या. खालून उलथनं खुपसून ‘झालं का’ बघायचं नाही. दीड-दोन मिनिटांत कड आपणहून सुटते, तेव्हाच उचला. पातळ असेल तर उलटायची गरज नाही, तसाच दुमडा. जाड झाला असेल तर मात्र उलटा, कच्चा मूग पोटाला बरा नाही. पुढच्या पेसरट्टूआधी परत पाणी, परत बारीक गॅस, परत कांदा. तिसऱ्या-चौथ्याला लोक हे विसरतात आणि तवा भलताच तापलेला असतो. याच तव्यावर चपात्या मात्र भाजू नका. पीठ धरायला लागेल आणि तुम्ही पुन्हा मुगाला शिव्या द्याल.

सोबत अल्लम पच्चडी, म्हणजे आल्याची चटणी. थोडी हरभरा डाळ, सुक्या मिरच्या आणि आलं तेलात परतून चिंच-गूळ-मीठ घालून वाटायची. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. आत उपमा भरला की त्याचा एमएलए पेसरट्टू होतो. आमदार मंडळींच्या फर्माईशीवरून हे नाव पडलं, असं तिकडे सांगतात. आमदारांना सकाळी वेळ असेल. मी उपमा रविवारीच करतो.

एवढ्या पिठात सात-आठ होतात. उरलं तर झाकून फ्रीजमध्ये, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच. त्यानंतर त्याला वास येऊ लागतो आणि तो चटणीखाली लपत नाही.